गाळलेला मुद्दा आणि सहा वेळा पाहिलेला पिक्चर

आधीच सांगून टाकते, मी संशयी बाई आहे. हा काही आजारपणात जडलेला दोष नाही. मानपाड्याच्या पुढे एमआयडीसीत औषधाच्या कंपनीत मी एकवीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. इंजेक्शनच्या काचेच्या इवल्याशा बाटल्या असतात ना, अँप्यूल म्हणतात त्यांना, त्या एकेक उचलून दिव्यासमोर धरायच्या. आधी काळ्या पाटीपुढे, मग पांढऱ्या. काळ्यापुढे पांढरा कण दिसतो, पांढऱ्यापुढे काळा. दिसला की बाटली बाजूला. आमच्या सुपरवायझर बाई सांगायच्या, माल चांगला आहे असं धरून बघाल तर काही दिसणार नाही, आत काहीतरी आहेच असं धरून बघा. मी तसं बघत राहिले, आणि घरी आल्यावर ते डोळे काही खुंटीला लावता येत नाहीत. भाजीवाला, दूधवाला, नवरा, सगळे आधी काळ्यापुढे आणि मग पांढऱ्यापुढे.

अशा बाईला कॅन्सर होतो तेव्हा काय होतं, ते लिहितेय. ज्यांच्या घरी सध्या फाइल, पिशवी आणि कुजबूज चालू आहे त्यांच्यासाठी. औषधांची माहिती यात नाही, ती डॉक्टरांना विचारा. एका जुन्या, चुकांनी भरलेल्या मराठी पिक्चरबद्दल मात्र बरंच आहे. त्याला माझा इलाज नाही.

गाठ

मानेच्या डाव्या बाजूला गाठ होती. बोराएवढी. आंघोळ करताना हाताला लागली. दुखत नव्हती, आणि दुखत नाही म्हणूनच मला तिचा संशय आला. डोंबिवलीतल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. गाठीने त्यांना दाद दिली नाही. मग सुई झाली, मग तुकडा काढून झाला, आणि एके दिवशी आम्ही दोघं ठाण्याला मोठ्या डॉक्टरांसमोर बसलेलो.

"लिम्फोमा आहे," ते म्हणाले. "लसिकाग्रंथींचा कॅन्सर. पण याच्यावर आता चांगले उपचार आहेत."

मी रडलेबिडले नाही. मी विचारलं, "कितवी स्टेज?"

डॉक्टरांनी आधी ह्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. "स्कॅन करू, मग कळेल."

पेशंट मी, प्रश्न माझा, आणि बघायचं नवऱ्याकडे? तिथेच मी मनात ती बाटली बाजूला काढून ठेवली.

स्कॅन झाला. रिपोर्ट आणायला हे एकटेच गेले. "तू आराम कर, दगदग नको," म्हणाले. सव्वीस वर्षांत ह्यांनी मला कधी आराम कर म्हटलं नव्हतं. सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी सातला परत आला, हातात फाइल आणि जिलबीचा पुडा. "स्टेज वन! म्हटलं नव्हतं? उगाच घाबरतेस तू." आमची मुलगी मानसी नुकतीच ऑफिसातून आलेली, ती माझ्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. सगळ्यांनी जिलबी खाल्ली. ह्यांनी एक वेढा उचलला, बोटांत धरला आणि बोलता बोलता परत पुड्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दोघं कामावर गेल्यावर मी रिपोर्ट घेऊन खिडकीशी बसले. इंग्रजी मला फार येत नाही, पण एकवीस वर्षं लेबलं तपासली आहेत. लेबल वाचायचं नसतं, बघायचं असतं. पहिल्या पानावर सगळं ठीक. दुसऱ्या पानावर मुद्दे होते, आकडे घालून. एक, दोन, तीन. आणि तीननंतर एकदम पाच. खाली स्टेजचा आकडा रोमन, एक उभी रेघ, आणि तिच्यापुढे आणखी दोन रेघा मावतील एवढी मोकळी जागा सोडून मग पूर्णविराम.

ह्यांचं कल्याणला तहसील कचेरीजवळ झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, अर्ज. दिवसभर लोकांचे कागद टाइप करतात. आपल्या हाताने कधी खोटा कागद बनवणार नाहीत असा माणूस. आणि बनवला तो असा, मुद्द्यांचे आकडे बदलायचंसुद्धा सुचलं नाही.

मी रिपोर्ट होता तसा फाइलीत ठेवला आणि कुकर लावला.

तुम्ही विचाराल, तेव्हाच का नाही जाब विचारलास? सरळ सांगते. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. आणि नवऱ्याला कागद बदलावा लागला, म्हणजे खरं काय असेल, ते ऐकायची माझी तयारी नव्हती. तेव्हा मी गप्प बसले आणि घरभर संशय घेत सुटले. हे गजरा घेऊन आले, संशय. गॅसचा ओटा पुसला, संशय. मानसीला काही माहीत नव्हतं, तिनेही तोच रिपोर्ट वाचलेला, पण ती बिचारी फोन घेऊन गॅलरीत गेली तरी मी दाराआड. शेजारच्या काकूंनी गोडाचा शिरा दिला तर म्हटलं, हिला काय कळलंय?

खुर्ची आणि पिक्चर

केमो दर तीन आठवड्यांनी, एकूण सहा. सकाळी रिक्षा करून माणकोलीच्या पुलावरून ठाणे गाठायचं, रक्त तपासायचं, आणि मग आरामखुर्चीत पाच-सहा तास पडून राहायचं. एक औषध लालभडक असतं. पहिल्या वेळी सिस्टर ते घेऊन आली तर मी म्हटलं, "जरा उजेडात धरा."

"कशाला मावशी?"

"बघायचंय. काही तरंगत नाही ना."

तिने खरंच धरलं. नंतर ती पोरगी दर वेळी आपणहून माझ्यासमोर धरायची आणि विचारायची, "पास?" मी नीट बघून म्हणायचे, "पास." अख्ख्या त्या महिन्यांत मला कोणी माझं काम करू दिलं असेल तर तिने. तिचे उपकार मी विसरणार नाही.

शेजारच्या खुर्चीत मानपाड्याच्या वत्सलाबाई असायच्या. मूळच्या तिथल्याच, शेतं जाऊन बिल्डिंगी झाल्या, चार सुना, बोलणं खणखणीत. आमच्या तारखा जुळल्या होत्या.

वेळ जावा म्हणून ह्यांनी मानसीच्या टॅबवर एक पिक्चर भरून आणलेला. एकच. कारण ह्यांना एकच आवडतो. नाव सांगत नाही, उगाच कोणाच्या भावना दुखायला नकोत. आमचं लग्न ठरलेलं तेव्हा कल्याणला थेटरात ह्यांनी मला तोच दाखवलेला, आणि मला तो मुळीच आवडला नव्हता, हे मी सव्वीस वर्षं पोटात ठेवलेलं.

गोष्ट अशी. तालुक्याच्या गावी सरकारी कचेरीत एक मुलगी सहा महिन्यांच्या टेंपररी नोकरीवर येते. तिथला टायपिस्ट तिच्या प्रेमात. मुदत संपल्याची ऑर्डर येते, तर हा पठ्ठ्या ती टेबलाच्या खणात दडवतो आणि मुदत वाढल्याचं खोटं पत्र टाइप करून तिच्या हातात देतो. मग नुसता गोंधळ. साहेब येणार म्हटलं की हा तिला रेकॉर्डरूममध्ये लपवणार, वगैरे. शेवटी तिला खणात खरी ऑर्डर सापडते, ती दोन मिनिटं रडते, एक गाणं होतं, आणि माफ.

खुर्चीत पडल्या पडल्या, हाताला सुई, आणि समोर हिरो टाइपरायटरवर खोटं पत्र टाइप करतोय. मला घामच फुटला. मी मान वळवून ह्यांच्याकडे बघितलं. हे स्क्रीनकडे बघत नव्हते. खाली स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

म्हणजे अक्कल इथून आली तर.

वत्सलाबाई पलीकडून म्हणाल्या, "काय गो, ह्यो तिला फसवतंय ना?"

"फसवतोय," मी म्हटलं, मुद्दाम मोठ्याने. "आणि वर प्रेम म्हणतोय त्याला."

हे पाणी आणायला उठून गेले.

रिजेक्ट

दुसऱ्या वेळी केस गेलेले होते. टॉवेलवर, उशीवर, पोळीच्या कणकेतसुद्धा. मानसीने मशीन आणून डोकं साफ केलं आणि हुंदका आला की खोकल्याचं नाटक करत राहिली. त्या दुसऱ्या केमोला खुर्चीत बसल्याबरोबर मीच म्हटलं, "लावा तो पिक्चर."

ह्यांना वाटलं, आवडला. मी मात्र मालाला रिजेक्टचा शिक्का मारायला बसले होते. आणि काय माल हो! कचेरीतलं घड्याळ अख्खा पिक्चर दहा वाजून दहा मिनिटं. हिरोईन जिन्याच्या वरच्या पायरीला निळ्या साडीत, खालच्या पायरीला हिरव्या. हिरोची मिशी कधी जाड कधी बारीक, आणि वय पंचवीस सांगतात, गळ्याच्या घड्या पंचेचाळीसच्या. खोट्या नोकरीचा खरा पगार कुठून येतो, ते कोणी विचारत नाही. कँटीनच्या जाड्या आचाऱ्यावरचे विनोद तर इतके पाचकळ की आज कोणी केले तर मार खाईल. मी एकेक चूक मोठ्याने सांगत होते आणि हे "अगं हो की, अरेच्चा" करत होते. मळमळ सुरू झाली ती थेट इंटरव्हलनंतर, पहिल्या वेळी तासाभरातच झालेली. हे मला तेव्हा लक्षात आलं नाही.

तिसऱ्या वेळी आदल्या दिवसापासून मी त्या पिक्चरची वाट बघत होते. कोणाला सांगायचीही लाज. त्यात एक म्हातारा शिपाई आहे, त्याला सगळं कळलेलं असतं आणि तो काही बोलत नाही, नुसता चहा ठेवून जातो. त्याच्या चहाच्या जागा मला पाठ झाल्या होत्या. आणि त्या हिरोईनचं हसणं. आधी मला ते बावळट वाटायचं, सारखं काय दात काढते बाई. पण तोंडात फोड आलेले असताना, पाण्याची चव पत्र्यासारखी लागत असताना कोणी इतकं मोकळं हसताना बघायला बरं वाटतं. बरं वाटलं, आणि लगेच मला स्वतःचाच संशय आला. म्हटलं, ही नरम पडायची लक्षणं आहेत. सांभाळून.

ताप येऊन मधे चार दिवस ॲडमिट होते. तेव्हा हे खाटेशेजारी स्टुलावर बसून असत, आणि मी झोपलेय असं वाटलं की त्यांचे ओठ हलायचे. जप म्हणावा तर हे देवाचं करणारे नव्हेत. काय पुटपुटतात ते ऐकायला मी डोळे मिटून श्वास धरून पडायचे. काही ऐकू आलं नाही.

चौथी वेळ

चौथ्या वेळी मला ते दिसलं.

पिक्चरच्या मधोमध कचेरीच्या ओसरीवरचा सीन आहे. शिपाई चहा ठेवून जातो, हिरो काहीतरी थाप मारतो आणि ती हसते. तिची पर्स मांडीवर, अर्धी उघडी. त्या पर्समधून एक खाकी पाकीट डोकावतंय, लाल फीत बांधलेलं. तेच ते. खऱ्या ऑर्डरचं. जे तिला अजून तासाभराने खणात सापडायचं आहे.

"थांबवा," मी म्हटलं. "मागे घ्या."

ह्यांनी मागे घेतलं. वत्सलाबाईंनी सलाइनच्या दांड्यासकट मान पुढे काढली. पाकीट होतं.

"चूक आहे," हे म्हणाले. "शेवटचा सीन आधी शूट केला असणार, पाकीट पर्समध्ये राहिलं. किती वेळा बघितला मी, कधी दिसलं नाही. तुझे डोळे म्हणजे ना!"

"किंवा तिला माहीत होतं."

"छे. माहीत असतं तर बोलली नसती का?"

"ऐकायची भीती वाटत असेल."

टॅब तसाच थांबलेला, ती बाई हसतेय. माझ्या तोंडून निघून गेलं, ठरवलं नव्हतं काही.

"अहो, चौथा मुद्दा काय होता?"

"कुठला चौथा?"

"रिपोर्टात तीननंतर पाच आहे."

ह्यांचा चेहरा असा उतरला की क्षणभर मलाच सिस्टरला हाक मारावीशी वाटली. मग ह्यांनी खिशातून मोबाइल काढला. खऱ्या कागदाचा फोटो त्यात होता. हळू आवाजात सांगितलं. गाठी छातीत आणि पोटातही आहेत. स्टेज थ्री. डॉक्टरांना हात जोडून सांगून ठेवलेलं, हिच्यासमोर आकडा काढू नका.

"का केलंत असं?"

"तू डॉक्टरांना विचारलंस ना कितवी स्टेज, तेव्हा तुझा हात माझ्या हातात होता. गार पडलेला. आवाज तुझा एकदम खणखणीत, पण हात..." ह्यांनी मोबाइल परत खिशात घातला. "दिवसभर दुकानात बसून राहिलो त्या दिवशी. मग वाटलं, निदान आकडा तरी बदलता येतोय आपल्याला."

वत्सलाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. इतक्या मोठ्या आवाजाची बाई, पण त्या वेळी झोपेचं सोंग त्यांनी फार चांगलं घेतलं.

मला भयंकर राग आला. स्टेज थ्रीचा नाही. तीन महिने माझ्याच आजाराच्या मी बाहेर उभी होते त्याचा. माझी मान, माझं पोट, आणि चावी ह्यांच्या खिशात. घरी येऊन मी चार दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. मानसीला सांगितलं तेव्हा तीही बापावर ओरडली आणि मग मोरीत जाऊन रडली. पाचव्या दिवशी मी हुकूम काढला. यापुढे प्रत्येक कागद आधी माझ्या हातात येणार. रिपोर्ट आणायला मी जाणार, एकटी. हे "बरं" म्हणाले.

पाचव्या आणि सहाव्या वेळी पिक्चर मी वेगळाच बघितला. तिला माहीत आहे असं धरून बघितला. आणि काय सांगू, सगळं जुळतं हो! तिचं ते बावळट हसणं बावळट राहतच नाही. तो रेकॉर्डरूममध्ये लप म्हणतो आणि ती मुकाट्याने लपते, तेव्हा ती त्याच्यावर उपकार करत असते. शेवटचं रडणं खोटं वाटायचं, ते खोटंच आहे, कारण ती आधीच कधीतरी रडून घेतलेली आहे. ते पिक्चर काढणाऱ्यांच्या डोक्यात यातलं काही नसणार, हे मलाही कळतं. त्यांच्याकडून पाकीट चुकून राहिलं. पण त्या चुकीमुळे मला तो पिक्चर आवडला, अगदी मनापासून, घड्याळासकट आणि मिशीसकट. पाचकळ विनोद सोडून.

पिक्चर आवडला म्हणजे नवरा माफ झाला, असं मात्र नव्हे. ती हिरोईन माफ करते, तिची ती. मी ह्यांच्या हातून आलेला चहासुद्धा उजेडात धरून बघत होते.

शेवटचा स्कॅन

आता माझं रेडिएशनही होऊन गेलंय. केस आलेत, कुरळे, आधी सरळ होते. दर तीन महिन्यांनी तपासणी असते आणि आदल्या आठवड्यात घरात सगळे एकमेकांशी जास्तच गोड बोलतात. वत्सलाबाईंचा फोन येतो. पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं, सहा केमो संपल्यावरच्या स्कॅनचं.

ठरल्याप्रमाणे रिपोर्ट आणायला मी एकटी गेले. डॉक्टरांसमोर एकटी बसले आणि या वेळी त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं. पोटातल्या गाठी गेल्या होत्या. मानेच्या गेल्या होत्या. छातीत एक जागा स्कॅनमध्ये अजून पेटलेली दिसत होती, म्हणजे थोडा रोग उरलेला. "रेडिएशन देऊ. घाबरायचं कारण नाही, पण आपलं काम संपलेलंही नाही," म्हणाले. मी सगळे मुद्दे ओळीने मोजून घेतले. एकही गाळलेला नव्हता.

तिथून मी घरी न जाता थेट कल्याणला दुकानात गेले. दुपारचे दोन वाजलेले. हे मशीनच्या मागे स्टुलावर बसलेले, समोर डबा नुसता उघडून ठेवलेला. पोळीला हात लावलेला नाही. मला दारात बघितलं आणि उभेच राहिले. शर्ट गळ्याशी किती सैल झालाय हे मला त्या दिवशी दिसलं. आजारी मी, आणि वजन ह्यांचंही उतरलेलं. इतकी बघणारी बाई मी, सहा महिन्यांत एकदाही त्यांच्याकडे तसं बघितलं नव्हतं.

"काय म्हणाले?"

"साफ आहे," मी म्हटलं. "सगळं साफ. जेवा आधी."

कसं आलं तोंडातून, देव जाणे. हे मटकन खाली बसले. डोळे पुसले, मग हसले, मग डबा ओढला आणि जेवायला लागले. काय जेवले! भेंडीची भाजी, दोन्ही पोळ्या, वरचा भात, लोणच्याची फोड चोखूनसुद्धा खाल्ली. मधे एक गिऱ्हाईक आलं आधार कार्डाची झेरॉक्स मागत, तर त्याला म्हणाले, "बसा हो पाच मिनिटं, आज मी जेवतोय." मी समोर बसून बघत होते. रिपोर्ट माझ्या पर्समध्ये, पर्स मांडीवर. प्रत्येक घासाला वाटायचं, आता सांगावं. आणि प्रत्येक घासाला वाटायचं, एवढा एक घास जाऊ दे. हसत राहून राहून गाल दुखायला लागले.

गिऱ्हाईक गेलं, हात धुवून झाले. मग मी कागद काढून काउंटरवर ठेवला. "अहो, सगळं साफ नाहीये. छातीत एक जागा राहिलीय. रेडिएशन लागणार."

ह्यांनी कागद वाचला. रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "मग मघाशी का नाही बोललीस?"

"तुम्ही जेवत होतात."

आणि मग मात्र मला रडू आवरेना. केमोत रडले नव्हते एवढी त्या झेरॉक्स मशीनवर डोकं टेकून रडले.

"मला वीस मिनिटं झेपली नाहीत हो," मी म्हटलं. "तुम्ही तीन महिने एकट्याने कसे काढलेत?"